शस्त्रक्रियागृहातील सोबती

बारावीचा निकाल लागला की पालक आपापल्या मुलांना घेऊन आम्हा शिक्षकांकडे सल्ल्यासाठी येतात. विज्ञान शाखेच्या मुलांच्या तोंडी एकच शब्द असतो : ‘नीट’. त्या परीक्षेत गुण कमी पडले की वैद्यकीय क्षेत्राचे दार आपल्यासाठी बंद झाले, असे घरातील सर्वजण धरून चालतात. मग पोलीसभरती, एखादी खाजगी नोकरी किंवा एमपीएससीचा क्लास, यांपैकी काहीतरी ठरते. मुलाची जीवशास्त्राची आवड तेथेच संपते.

दुसरीकडे, आपल्या वस्त्यांतील कितीतरी माणसे रुग्णालयांतच आयुष्य काढतात. ठाण्याचे सिव्हिल हॉस्पिटल, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, उल्हासनगरचे सेंट्रल हॉस्पिटल आणि या पट्ट्यातील असंख्य लहानमोठी नर्सिंग होम्स यांत फरशी पुसणारी, स्ट्रेचर ढकलणारी, रुग्णाचे भांडे काढणारी माणसे असतात. रुग्णालयात त्यांना ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणतात. नात्याची ही हाक गोड आहे; पण तिच्यामागे हुद्दा नाही, प्रशिक्षण नाही आणि अनेकदा कायम नोकरीही नाही.

एका टोकाला सर्जन आणि दुसऱ्या टोकाला मावशी, एवढेच चित्र आपल्या मुलांना दिसते. प्रत्यक्षात या दोघांच्या मध्ये प्रशिक्षित माणसांची एक मोठी फळी उभी असते. रुग्ण शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी, शस्त्रक्रिया चालू असताना आणि ती संपल्यावर त्याला सांभाळणारी ही फळी म्हणजे शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, ओटी टेक्निशियन व भूल तंत्रज्ञ. त्यांचे शिक्षण काय, काम काय आणि त्या शिक्षणाकडे आपल्या समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हे या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

जीवक आणि त्याचे रुग्ण

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला विनयपिटकातील महावग्गाची आठवण होते. त्यातील चीवरक्खन्धकात राजगृहाचा वैद्य जीवक याची कथा येते. एका श्रेष्ठीच्या मस्तकाची शस्त्रक्रिया करताना जीवकाने त्याला मंचकाला बांधले, अशी नोंद तेथे आहे. वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राच्या आतड्याला पीळ पडला होता. त्याच्या वेळी जीवकाने इतर लोकांना बाहेर घालवले, पडदा लावला, रुग्णाला खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. या कथेतील वैद्यकीय तपशील किती शब्दशः घ्यावा, हा प्रश्न वेगळा. परंतु शस्त्रक्रियेसाठी गर्दी हटवावी लागते, आडोसा लागतो, रुग्ण हलू नये याची तजवीज लागते आणि त्याच्याजवळ विश्वासाचे कोणीतरी असावे लागते, एवढी जाण त्या काळी होती, हे तीवरून स्पष्ट होते.

रुग्णाला बांधून ठेवण्याची गरज पुढे भुलेने संपवली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. १८४७ मध्ये एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम व उपकरणे जंतुरहित ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन शोधांनी शल्यशास्त्राचे रूप पालटले. पण त्यांनी दोन नवी कामेही निर्माण केली. बेशुद्ध माणसाचा श्वास सतत कोणीतरी पाहिला पाहिजे, आणि प्रत्येक उपकरण वापरण्यापूर्वी कोणीतरी निर्जंतुक केले पाहिजे. सर्जनचे दोन्ही हात शस्त्रक्रियेत गुंतलेले असतात. म्हणून ही कामे इतरांकडे आली, आणि ती चुकली तर उत्तम सर्जनच्या हातूनही रुग्ण दगावतो, हे अनुभवाने कळल्यावर त्या इतरांना रीतसर शिकवणे भाग पडले.

दाराच्या आत काय चालते

एखाद्या हर्नियाच्या किंवा सिझेरियनच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेऊ. कामाची सुरुवात वॉर्डातच होते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी साधारणपणे सहा तास जेवण आणि दोन तास पाणी बंद ठेवतात. भुलेत घशाचे नैसर्गिक संरक्षण सैल पडते, आणि पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. हे कारण समजावून न सांगता नुसते ‘उपाशी राहा’ म्हटले, तर मायेपोटी आई मुलाला चोरून बिस्कीट भरवते. कारण सांगणे हादेखील उपचाराचा भाग आहे. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी, संमतिपत्रावरील सही, शस्त्रक्रियेच्या बाजूची खूण, काढून ठेवलेले दागिने व दातांची कवळी हे सारे परिचारिका तपासते. नखांचे पॉलिशही पुसायला लावतात. कारण बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर नखातून जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तातील प्राणवायूचा अंदाज घेतो.

इकडे थिएटरमध्ये भूल तंत्रज्ञ सकाळीच यंत्र तपासून ठेवतो. मुख्य नळीतून प्राणवायू येतो की नाही, राखीव सिलिंडर भरलेला आहे काय, सक्शन ओढते काय, घसा पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो काय, श्वासनलिकेत घालायच्या नळ्या सर्व मापांच्या आहेत काय, हे तो एकेक करून पाहतो. आपल्याकडे प्राणवायूचा सिलिंडर काळा व खांद्याशी पांढरा आणि नायट्रस ऑक्साइडचा निळा असतो. केवळ रंगावर विसंबून चालत नाही. म्हणून भुलेच्या यंत्राला जोडायच्या लहान सिलिंडरवर प्रत्येक वायूसाठी ठरलेल्या जागी छिद्रे आणि यंत्रावर त्याच जागी खुंट्या असतात. चुकीचा सिलिंडर तेथे बसतच नाही. भूल देण्याचा निर्णय व जबाबदारी भूलतज्ज्ञ डॉक्टरांचीच. मात्र त्यांच्या हाती योग्य क्षणी योग्य वस्तू येणे या पूर्वतयारीवर अवलंबून असते.

ओटी टेक्निशियन टेबल, दिवे, कॉटरीचे यंत्र आणि रुग्णाची स्थिती सांभाळतो. शुद्ध हरपलेला माणूस ‘हात दुखतो’ असे सांगू शकत नाही. हात अवघडून तासभर राहिला तर मज्जातंतू दुखावतो. म्हणून कोपर, टाच, डोळे यांना आधार व संरक्षण देणे हे त्याचे काम. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतात. त्याचे तत्त्व घरच्या कुकरचेच : दाब वाढला की वाफेचे तापमान शंभर अंशांच्या वर जाते. १५ पौंड दाबाला १२१ अंश सेल्सिअस तापमान मिळते आणि तेथे किमान १५ मिनिटे ते टिकवावे लागते. गाठोड्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे उष्णता लागली एवढेच कळते; आतपर्यंत वाफ पोहोचली काय, हे पाहण्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात. हा फरक प्रशिक्षित माणसालाच माहीत असतो.

हात धुऊन, निर्जंतुक गाऊन व हातमोजे घालून सर्जनच्या शेजारी उभी राहते ती स्क्रब परिचारिका. निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून हवे ते पुरवणारी दुसरी परिचारिका असते. या दोघी मिळून गॉज, मॉप, सुया व उपकरणे शस्त्रक्रियेपूर्वी मोजतात आणि जखम शिवण्याआधी पुन्हा मोजतात. मोजणी जुळली नाही तर ती सर्जनला तसे स्पष्ट सांगते, आणि हरवलेली वस्तू सापडेपर्यंत शोध चालतो. रुग्णालयाच्या उतरंडीत कनिष्ठ असलेल्या व्यक्तीने वरिष्ठाला थांबवावे, ही येथे उद्धटपणाची नव्हे, तर कर्तव्याची बाब आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा-यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा सर्वांनी थांबून ती मोठ्याने वाचायची असते. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. प्रत्येकाने आपले नाव व काम सांगणे, विचारणे आणि मोजणे एवढाच हा बदल होता.

शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्ण रिकव्हरी रूममध्ये येतो. तेथे श्वास, नाडी, रक्तदाब, वेदना, उलटी, थंडी वाजणे यांवर लक्ष ठेवावे लागते. सिझेरियनच्या वेळी बहुधा पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते व सारे ऐकत असते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून आलेल्या बाईला त्या थंड खोलीत, मुखपट्टीआड लपलेल्या चेहऱ्यांमध्ये, तिच्या बोलीत कोणी ‘बाळ रडलं, ऐकलंत ना?’ असे म्हणाले तर तिला केवढा धीर येतो! आपल्या मुलांना ती बोली येते. तीही त्यांची पात्रताच आहे.

विटाळ कशात होता?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘रक्त, मलमूत्र, पू यांतच काम करायचे तर शिकून काय उपयोग? हे तर आपल्या बापजाद्यांनी केलेच,’ असे काही पालक म्हणतात. त्यांच्या बोलण्यामागे पिढ्यांची वेदना आहे आणि आम्ही ती हलकी मानत नाही. तरीही थोडा विचार करावा. त्याच रक्तात हात घालणारा सर्जन समाजात पूज्य ठरतो आणि तेच रक्त फरशीवरून पुसणारी मावशी हलकी ठरते. मग विटाळ रक्तात नव्हता. तो जातिव्यवस्थेने ठरवला होता, आणि तो टिकला, कारण त्या कामाचे ज्ञान, निवड आणि मोबदला या तिन्ही गोष्टी काम करणाऱ्याकडून काढून घेतल्या होत्या.

ज्या चीवरक्खन्धकात जीवकाची कथा आहे, त्यातच पुढे अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा येते. तो स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता आणि त्याच्याकडे कोणीही पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून दोघांनी त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर तथागतांनी संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धांच्या रुग्णांविषयीच्या आस्थेला स्वतंत्र स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे.

चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणेही तेथेच सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. काय हितकर व काय अहितकर हे त्याला कळावे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीच्या भावनेने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याने रुग्णाचे मन उभारावे. यांचा क्रम पाहण्याजोगा आहे. किळस नसणे हे लक्षण चौथे आहे. त्याआधी औषधाचे ज्ञान आणि हिताहिताचा विवेक येतो. आपल्या पूर्वजांवर फक्त चौथे काम लादले गेले आणि पहिली दोन त्यांच्यापासून लपवून ठेवली गेली. ती परत मिळवणे, हा या प्रशिक्षणाचा आमच्या दृष्टीने खरा अर्थ आहे.

महाराष्ट्रात सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची तरतूद लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे आली. तिने अनेक घरांची चूल पेटती ठेवली, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. परंतु विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलीने आईच्या जागेवर सहीपुरते पुढे यावे आणि तेथेच थांबावे, हे त्या आईलाही मनापासून नको असते.

प्रशिक्षणाचे रीतसर मार्ग

पहिला मार्ग पदवीचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा ‘बी.पी.एम.टी.’ हा परावैद्यक तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बारावी विज्ञाननंतर असतो. तीन वर्षे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप, असे त्याचे स्वरूप आहे. त्यात ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ व भूल तंत्रज्ञ या स्वतंत्र शाखा आहेत. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र हे विषय पायाभूत असतात. पुढे यंत्रे, निर्जंतुकीकरण, भुलेच्या पद्धती आणि आणीबाणीचे उपचार शिकवले जातात.

दुसरा मार्ग परिचर्येचा. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका घेऊन परिचर्या परिषदेकडे नोंदणी करता येते. त्यानंतर भारतीय परिचर्या परिषदेने आखलेली शस्त्रक्रियागृह परिचर्येची एक वर्षाची विशेष पदविका घेता येते. या मार्गाचा लाभ असा की शस्त्रक्रियागृहाखेरीज इतर विभागही खुले राहतात. हा मार्ग मुलांनाही आहे. रुग्णालयात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

प्रवेशपरीक्षा, गुणांची अट व वेळापत्रक यांत बदल होत असतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावर न जाता त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका वाचावी.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. स्टेशनबाहेरच्या खांबांवर ‘सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती दिसतात. संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत शस्त्रक्रियागृह व भूल तंत्रज्ञांचा समावेश आहे. या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाचे शिक्षण दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांची असावी लागते. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र या मोजमापात कोठेच बसत नाही. रुग्णसाहाय्यकाचे अल्प मुदतीचे शासकीय कौशल्य-अभ्यासक्रम आहेत व ते उपयुक्तही आहेत; पण ते रुग्णसाहाय्यकाचे आहेत, तंत्रज्ञाचे नव्हेत.

पैसे भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेला चार प्रश्न विचारावेत. पदवी किंवा पदविका नेमके कोणते विद्यापीठ वा मंडळ देणार? त्यावर परिषदेकडे नोंदणी होते काय? प्रत्यक्ष शिक्षण कोणत्या रुग्णालयात होणार, आणि तेथे विद्यार्थी थिएटरच्या आत किती तास उभा राहणार? भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळणार काय? या प्रश्नांची लेखी उत्तरे देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिच्या पायऱ्या उतरून यावे.

खर्चासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळाले नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आधार घेता येतो. यासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेचे काम अकरावीतच सुरू करावे. पात्र मुलाचा प्रवेश केवळ एका कागदासाठी अडला, असे घडू देऊ नये.

आधीच जाणून घ्यावे असे काही

हे काम सोपे नाही. तासन्‌तास उभे राहावे लागते, रात्रपाळी असते, आणि कल्याणहून पहाटेची लोकल धरावी लागते. सुई टोचण्याचा धोका असतो; म्हणून प्रशिक्षणाच्या आरंभीच हेपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा पूर्ण करून घ्याव्यात. क्ष-किरणांचे यंत्र वापरात असताना शिशाचा ॲप्रन मागून घालावा. ‘एवढ्यासाठी कशाला’ असे म्हणू नये. काही लहान रुग्णालयांत अप्रशिक्षितांकडून कमी पगारात हीच कामे करून घेतली जातात, त्यामुळे प्रशिक्षितांचेही वेतन दबते. यावर उपाय एकट्याने होत नाही. नोंदणी आणि संघटन या दोहोंची गरज आहे. बाबासाहेबांच्या संदेशातील संघटनेचा अर्थ येथेही लागू पडतो.

या व्यवसायाचा पाया शाळेतच घालता येतो. नववीतील दाब व वायूंचे धडे, जीवशास्त्रातील श्वसन व अभिसरण हे प्रश्नोत्तरांपुरते न शिकवता कुकर, सायकलचा पंप आणि स्वतःची नाडी यांच्या साहाय्याने शिकवावेत. वसतिगृहात हात धुण्याची योग्य पद्धत, प्रथमोपचार, आजारी सोबत्याची आळीपाळीने काळजी घेणे, वस्तू मोजून देणे व मोजून परत घेणे या सवयी लागू शकतात. शंका आली तर मोठ्या माणसालाही नम्रपणे थांबवून विचारण्याची सवय तर लागलीच पाहिजे. निवासी शाळेत ही मुले चोवीस तास एकत्र राहतात. त्यामुळे या गोष्टी येथे जितक्या सहज रुजतील, तितक्या अन्यत्र क्वचितच.

या स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही रुग्णालयांत काम करीत असतील. त्यांना आमची विनंती एवढीच आहे की वर्षातून एक रविवार शाळेत यावे, अकरावी-बारावीच्या मुलांसमोर बसावे आणि आपले काम त्यांना समजावून सांगावे. आणि घरात मावशी किंवा मामा म्हणून राबणारे कोणी असेल, तर मुलांनी आज रात्री जेवताना त्यांना विचारावे की थिएटरमध्ये कोण कोण असते आणि कोण काय करते. पुष्कळ वर्षे दाराशी उभे राहून त्यांनी जे पाहिले आहे, ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.